शेलारांचा शोकसंदेश

कॉलेजच्या ग्रंथालयातले भानुदास शेलार अचानक गेले. वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसणाऱ्या मृणालिनीताईंना प्राचार्यांनी शोकसंदेश टाइप करायला सांगितला.

ते म्हणाले, "नवा कशाला लिहिता? मागच्या वर्षीचा उघडा. कंट्रोल-एच दाबा, जुन्या नावाच्या जागी शेलार घाला. क्षणात काम!"

ताईंनी मुकाट्याने तसं केलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "झालं, सर. आणखी एक प्रत करून ठेवलीय. तिच्यात नावाची जागा मोकळी सोडलीय. आपल्यातलं पुढचं कोण, ते ठाऊक नाही ना."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

"दोन्ही पुसा," ते हळूच म्हणाले. "शेलार कसे होते, सांगा."

ताईंनी दोन्ही प्रती पुसल्या. मग म्हणाल्या, "फाटकं पुस्तक दिसलं, की जेवण सोडून चिकटवायला बसायचे."

प्राचार्य स्वतः टाइप करू लागले.