शंभर फुकट शाबासक्या

मुलांनो, चूक म्हाताऱ्या वानराची होती, हे आधीच ऐकून ठेवा. म्हणजे शेवटी कुणी "वयाने मोठे आहेत, जाऊ द्या" म्हणायला लागलं, तर तुम्ही फसणार नाही.

एका डोंगराच्या कुशीत दाट जंगल होतं आणि त्या जंगलात पाण्याचा एकच झरा. दर उन्हाळ्याच्या तोंडावर तो गाळाने बुजायचा आणि गाळ कोणी काढायचा यावरून भांडणं जुंपायची. वडीलधारी मंडळी झाडावर बसून "आमच्या वेळी असं नव्हतं" एवढंच म्हणत. शेवटी एका खारीने युक्ती काढली. जो सगळ्यांसाठी काम करील, त्याला एक शाबासकी. ती कुठे लिहायची नाही की पुरून ठेवायची नाही. पोपटांच्या थव्याने फक्त म्हणायची. "अस्वलाने गाळ काढला, अस्वलाला एक शाबासकी!" एक पोपट ओरडला की शंभर पोपट तेच ओरडत. कुणी मध्येच खोटं घुसवलं, तर बाकीचे नव्याण्णव त्याची पिसं उपटायला तयार!

शाबासकी खर्चही करता येई. अस्वलाने आपली शाबासकी सुगरणीला दिली, की ती त्याच्या गुहेला गवताचा पडदा विणून देई. सुगरणीने तीच सुतारपक्ष्याला दिली, की तो तिच्या झाडातले किडे टिपून देई. जंगल गजबजून गेलं. अस्वल तर गाळ उपसता उपसता नाचायचं.

वानराला हे बघवेना. तो खारीला म्हणाला, "ए पोरी, हा काय खेळ मांडलास? याचं नाणं कर, टेकडीपलीकडेही चालेल असं. हाताला लागत नाही, चोरीला जात नाही, भाव मात्र चढत जातो. माणसं त्याला क्रिप्टो म्हणतात."

"करू की, आजोबा. पोपट तिकडेही उडतात."

"आणि सुरुवातीलाच आम्हा मोठ्यांना शंभर-शंभर. वयाचा मान म्हणून."

"कामाशिवाय?"

"उलट बोलू नकोस! किती उन्हाळे पाहिलेत आम्ही!"

"पाहिलेत हो. पण गाळ किती उन्हाळे काढलात?"

सगळी वडीलधारी मंडळी एकदम खाकरली. खार एकटी पडली. पोपटांनी मान खाली घालून म्हटलं, "वानराला शंभर शाबासक्या!"

भाव खरंच चढला. टेकडीपलीकडची वटवाघळं फळं देऊन शाबासक्या घेऊ लागली. सोमवारी एका शाबासकीला एक फळ, गुरुवारी दहा. मग दिवसभर चिखलात राबून एक मिळवायची, की बसल्या जागी असलेलीचा भाव वाढू द्यायचा? अस्वल बसलं. सुगरण बसली. सुतारपक्षी चोच मिटून भाव ऐकत बसला. वटवाघळं उलटी लटकत असली, तरी या जंगलात आता कुणी काम करत नाही हे त्यांना सरळ दिसत होतं. त्यांनी जवळच्या पाचशे शाबासक्या विकायला काढल्या. वानराने त्या घेतल्या आणि बदल्यात आपलं दरवर्षी फळांनी लगडणारं जांभळाचं झाड देऊन टाकलं. "पुढच्या वर्षी असली दहा झाडं घेईन!" तो मिशीत हसला.

उन्हाळा आला आणि झरा बुजला. पोपटांचे घसे इतके सुकले, की भाव ओरडायलाही आवाज उरला नाही.

"सहाशे शाबासक्या देतो, गाळ काढ!" वानर अस्वलाला म्हणाला.

"सहाशे घेऊन करू काय, आजोबा? पडदा कोण विणणार? सुगरण बसलीय. सगळेच बसलेत. तुमच्याकडे बघूनच शिकलो की आम्ही!"

खार तरातरा पोपटांच्या फांदीवर चढली. "आजपासून डोळ्यांनी पाहिलेलं कामच म्हणायचं. वयाच्या शंभर-शंभर विसरून जा."

"हा माझा अपमान आहे!" वानर खेकसला.

एक चिमुकला पोपट घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आजोबा, आम्ही आठवून पाहिलं. तुमचं काम पाहिल्याचं कुणालाच आठवत नाही." अख्खा थवा कोरड्या घशाने खिदळला.

खारीने सरळ गाळात उडी घेतली आणि आपल्या एवढ्याशा पंजांनी उकरायला लागली. अस्वलाला हसू फुटलं. "अगं बाजूला हो, चिखलात सापडायची नाहीस!" असं म्हणत तेही उतरलं. पाठोपाठ सगळे उतरले. तहानेपुढे मान किती टिकणार? दुसऱ्या दिवशी वानरही उतरला, शेपटीच्या टोकापर्यंत माखला. तिसऱ्या दिवशी खळ्ळकन पाणी फुटलं! अस्वल नाचलं, पोपटांनी पंख फडफडवून सगळ्यांना भिजवलं आणि घसा ओला होताच ओरडले, "खारीला एक! अस्वलाला एक! वानराला एक शाबासकी!" ती जन्मातली पहिली कमाई ऐकून वानराने, कुणी बघत नाही असं समजून, दोन कोलांट्या उड्या मारल्या. सगळे बघत होते.

टेकडीपलीकडे शाबासकी आजही चालते, पण फक्त कामाची. वानराचं जांभळाचं झाड गेलं, ते परत मिळालं नाही.

तात्पर्य : नाणं कुठलंही काढा, त्यामागे चिखलाने माखलेले हात लागतात, नुसते पांढरे केस चालत नाहीत.