नदीपलीकडे गेलेली चिठ्ठी

नदीकाठच्या एका गावात सोपानकाका नावाचे एक शिंपी होते. दुकानात टांगलेले तयार कपडे अजून कुणी पाहिले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. कपडा हवा तर शिंप्यापुढे हात पसरून उभं राहावं लागे, आणि तो गळ्यातली फीत काढून माप घेई. नव्या कापडाचा तो वास, पायमशीनची ती खडखड आणि ‘श्वास सोडा जरा’ म्हणणारे सोपानकाका आठवले की अजून जीव हळवा होतो. आता तसं माप घेणारं कुणी उरलं नाही.

माप घेणाऱ्याला माणसाचं सगळं कळतं. कोणाच्या खांद्यात कापूस भरलाय, कोणाचं पोट सुटलंय, कोणत्या सुनेची चोळी सैल करायची वेळ आलीय, हे सोपानकाकांना घरच्यांच्या आधी ठाऊक असे. पण त्यांच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही. प्रत्येक कपड्याला ते एक चिठ्ठी टाचत. नाव, माप, कपडा कशासाठी आणि काय सांभाळायचं, सगळं तिच्यावर लिहिलेलं असे. गिऱ्हाईक कपडा घेऊन गेलं की ती चिठ्ठी इस्त्रीतल्या निखाऱ्यांवर टाकत. चिठ्ठीचा धूर झाला की काम संपलं, असा त्यांचा नेम होता.

वय झालं तशी काकांची नजर अधू झाली. काजं नीट होईनात. म्हणून त्यांनी काजांचं काम गावातल्या दगडूला द्यायचं ठरवलं. दगडूचं एक काज त्यांनी उजेडात धरून पाहिलं, टाके मोजले, नखानं ओढून बघितलं आणि खूश झाले. दगडूचं घर मात्र पाहिलं नाही. कपडे कुठे टांगतो, घरात कोण येतं-जातं, काही विचारलं नाही. कपडे जात, तशा त्यांना टाचलेल्या चिठ्ठ्याही जात.

एका उन्हाळ्यात खांबेटे मास्तर दुकानात आले. त्यांच्या मुलीचा, शालनचा साखरपुडा ठरला होता. नवा कोट शिवणं मास्तरांना परवडणारं नव्हतं. त्यांनी जुना कोट पुढे केला आणि खालच्या आवाजात विचारलं, “सोपान, हा उलटवून होईल का रे?”

तेव्हा कोट उलटवायची रीत होती. बाहेरची बाजू विटली की सगळा कोट उसवायचा आणि आतली कोरी बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. पण उलटवला की डावीकडची काजं उजवीकडे जातात. जुनी रफू करून बुजवायची आणि नवी पाडायची. तिथेच चांगला हात लागतो.

“होईल की. कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही,” काका म्हणाले.

“एवढं तुझ्यामाझ्यात राहू दे,” मास्तर म्हणाले आणि गेले.

काकांनी चिठ्ठी लिहिली. ‘खांबेटे मास्तर. जुना कोट, उलटवून. शालनच्या साखरपुड्याला. कुणाला कळू देऊ नये.’ ती कोटाला टाचली आणि कोट दगडूकडे पाठवला.

दगडूकडे कामाचा ढीग पडला होता. त्यानं निम्मे कपडे नदीपलीकडे आपल्या बहिणीकडे, कोंडाबाईकडे धाडले. काकांना सांगायचं त्याला सुचलंही नाही. कोंडाबाईनं ते ओसरीतल्या दोरीवर ओळीनं टांगले. तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे तिच्या मनात पाप असायचं कारणच नव्हतं. आज संगणकाच्या मोठमोठ्या कंपन्यांतही हेच चालतं. आपण आपलं नाव, पत्ता, दुखणं एका कंपनीला सांगतो. ती काम दुसरीला देते, दुसरी तिसरीला, आणि आपली चिठ्ठी कोणाच्या ओसरीत लटकतेय हे पहिलीलाही ठाऊक नसतं. असो. कोंडाबाईच्या ओसरीत त्या दिवशी पोलक्याची काजं करून घ्यायला दातारांच्या घरातल्या यमूआत्या आल्या होत्या. त्यांना अक्षर चांगलंच येत होतं. आणि शालनचं लग्न ठरलं होतं ते याच दातारांच्या मुलाशी.

साखरपुड्याच्या दिवशी मास्तर कोट घालून दारात उभे होते. कोट इतका सुरेख दिसत होता, की काकांना स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं. शालन पाटावर बसली. दातार मंडळी सतरंजीवर टेकली. तेवढ्यात यमूआत्या गोड आवाजात म्हणाल्या, “मास्तर, कोट झकास हो! पण आतली बाजू बाहेर काढलीत म्हणे? चिठ्ठीवर ‘कुणाला कळू देऊ नये’ असंही लिहिलं होतं.”

बायका पदराआड हसल्या. मास्तरांचा हात कोटाच्या गुंडीवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी एकदाच काकांकडे पाहिलं. शालननं मान खाली घातली.

मुलाचे वडील, थोरले दातार, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “मास्तर, आमच्यापासून आणखी काय काय लपवलंय?” आणि ते उठायला लागले.

काकांना दगडूचं नाव घेणं सोपं होतं, खोटंही नव्हतं. पण काका उभे राहिले आणि म्हणाले, “दातारसाहेब, मास्तरांनी काही लपवलं नाही. कपडा कसा शिवला ही शिंपी आणि गिऱ्हाईक यांच्यातली गोष्ट. ती मास्तरांनी माझ्या हाती दिली होती, आणि माझ्याच हातून बाहेर गेली. चूक माझी. बोलायचं ते मला बोला.”

थोरल्या दातारांनी नकळत स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. तोही सोपानकाकांनीच शिवला होता. त्याच्या खांद्यांत किती कापूस आहे, हे दोघांनाच ठाऊक होतं. निदान आजवर दातारांना तसं वाटत होतं. ते घाईघाईनं खाली बसले. “आत्या, पुरे झालं,” ते म्हणाले. “साखरेचा पुडा आणा इकडे.”

सोयरीक मोडली नाही, पण काकांचा घास त्या दिवशी गोड झाला नाही. ते तडक दगडूच्या घरी गेले. दगडू रडकुंडीला आला. “काका, लगीनसराई हाय. दोन हातांनी किती करू? म्हून बहिणीकडं धाडलं.”

“तू मला सांगितलं नाहीस. पण मीही कधी विचारलं नाही,” काका म्हणाले.

त्या दिवसापासून दगडूकडे नाव जाईना. कपड्याला ओळखीपुरता नुसता रंगीत दोरा आणि ‘काजं चार’ एवढंच. पुढे कुणाकडे द्यायचं तर आधी विचारायचं. आणि दर आठवड्याला काका स्वतः त्याच्या घरी जाऊन कपडे कुठे टांगलेत ते पाहून येत. चिठ्ठीचा बोभाटा झाल्यावर दुकानाकडे फिरकेनासे झालेले लोक हळूहळू परत यायला लागले. खांबेटे मास्तर मात्र आले नाहीत. रस्त्यात भेटले की नमस्कार करत आणि पुढे जात. काकांना तो नमस्कार फार लागे.

अशी सहा वर्षं गेली. एका सकाळी शालन माहेरी आली होती, ती दुकानात शिरली. तिच्या हातात तोच कोट होता. ती म्हणाली, “वरचं काज उसवलंय. बाबा म्हणाले, सोपानलाच दे. पण त्यानं स्वतःच करावं म्हणावं.”

काकांचे डोळे भरून आले. त्यांनी कोट दगडूकडे पाठवला नाही, चिठ्ठीही लिहिली नाही. दारातल्या उन्हात बसून, चाचपडत, तीनदा उसवून त्यांनी ते एक काज केलं. तरी ते वाकडंच झालं.

मास्तरांनी पुढे मरेपर्यंत तोच कोट घातला. वरची गुंडी लावताना त्यांना रोज जरा वेळ लागे, पण ते काज त्यांनी दुसऱ्या कुणाकडून सरळ करून घेतलं नाही.

तात्पर्य: लोकांनी विश्वासानं आपल्याकडे ठेवलेलं काम दुसऱ्याला देता येतं, जबाबदारी देता येत नाही. म्हणून काम देताना हाताबरोबर घरही पाहावं, आणि कामाला लागेल त्याहून एक शब्दही जास्त देऊ नये.