भुऱ्याची एकादशी

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एका कुत्र्याने एकादशी धरली.

कुत्रा गुळाच्या एका व्यापाऱ्याचा, नाव भुऱ्या. वैशाखातल्या एकादशीला सकाळी त्याच्यापुढे दूधभाकरी ठेवली, तर त्याने ती नुसती हुंगली आणि तोंड फिरवले. शेजारच्या म्हातारीने ते पाहिले आणि हात जोडले. "अगं बाई, मुक्या जिवाला तिथी कळली!" द्वादशीलाही भुऱ्याने घास घेतला नाही, तेव्हा गावाची खात्रीच पटली. तो दिवसभर देवळाकडे तोंड करून बसतो, हेही कोणीतरी हेरले. मग काय विचारता! व्यापाऱ्याच्या लेकीचे, द्वारकेचे लग्न आदल्याच आठवड्यात झाले होते आणि दारातला मांडव अजून उतरवला नव्हता. तो आयताच कामी आला. भुऱ्याच्या कपाळी कुंकू लागले, गळ्यात हारावर हार पडले. माणसाला साधू ठरायला जन्म घालवावा लागतो. कुत्र्याचे चार जेवणे चुकवून भागले.

नदीकाठच्या आश्रमात एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांचा शिष्य मीठ-तेल आणायला बाजारात गेला होता, तो हे दर्शन घेऊन भारावून परतला.

"गुरुजी, आपण वेद घोकतो आणि दोन्ही वेळा जेवतो. तो कुत्रा पाहा! अन्नाकडे ढुंकूनही बघत नाही. नजर देवळावरून हलत नाही."

आचार्य सुपारी कातरत होते. त्यांनी विचारले, "देवळावरून तो रस्ता पुढे कुठं जातो रे?"

"खिंडीकडे, गुरुजी. पलीकडच्या गावांना."

"आणि शेटजींची लेक कुठं दिली?"

"खिंडीपलीकडेच." शिष्याला या प्रश्नाचा रोख कळला नाही. आचार्यांनी मात्र अडकित्ता खाली ठेवला आणि काठी उचलली.

मांडवात गर्दी होती. आचार्य आलेले पाहून लोकांनी वाट दिली. आता गुरुजीही कुत्र्याला नमस्कार करणार, या कौतुकाने सगळे पाहू लागले. आचार्य खाली बसले. त्यांनी भुऱ्याच्या गळ्यातले हार हळूच वर उचलले. खाली सुंभाची दोरी होती आणि तिच्याखाली मान सोलवटून निघाली होती.

"हे काय?" त्यांनी व्यापाऱ्याला विचारले.

"पाठवणीच्या दिवशी गाडीमागं धावत सुटला होता, महाराज. देवळापर्यंत गेला. माणसं पाठवून धरून आणला आणि बांधून घातला. तेव्हापासून खाणं कमी होत गेलं आणि एकादशीला हे व्रतच सुरू झालं बघा." व्यापाऱ्याच्या स्वरात अभिमान होता. त्याची पत्नी पूर्वीच वारली होती. लेक गेल्यावर खायला उठणारे घर या गर्दीने भरून गेले होते आणि ते त्याला फार बरे वाटत होते.

"मांडवपरतणीला लेक आली का?"

"यायची होती. पण घरात ही एवढी दर्शनाची माणसं. म्हटलं, सवडीनं या. तसा निरोप धाडला."

आचार्यांनी भुऱ्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. एकेक बरगडी हाताला लागत होती, आणि श्वास वरच्यावर चालला होता. आणखी एखादा दिवस गेला असता तर लोकांनी त्याची समाधीच बांधली असती.

मग आचार्य उठले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "उपवास मोठा आहे, यात शंका नाही. पण पारण्यावाचून उपवास फळत नाही. आणि असल्या उपवासाचं पारणं घरच्या नव्यानं सासरी गेलेल्या लेकीच्याच हातून व्हावं लागतं. उशीर झाला तर दोष साऱ्या गावाला!"

शिष्य थक्क झाला. हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? कुत्र्याचे पारणे, आणि तेही नवविवाहितेच्या हातून! आपल्या गुरूने भोळ्या लोकांच्या समजुतीला असे खतपाणी घालावे, याचे त्याला अतिशय वाईट वाटले. पण गावाला शंका शिवली नाही. मघापर्यंत हार घालणाऱ्या तरुणांनीच बैल जुंपले आणि गाडी खिंडीकडे हाकली.

दुसऱ्या दिवशी उन्हे चढली तरी गाडीचा पत्ता नव्हता. भुऱ्याने आता मान जमिनीला टेकली होती. आचार्य त्याच्यापाशी बसून बोटाने त्याच्या जिभेवर पाण्याचे थेंब सोडत होते. प्रथमच व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "महाराज, हा वाचेल ना?" त्याने विचारले. आचार्यांनी पुन्हा बोट पाण्यात बुडवले.

आणि मग भुऱ्याचा एक कान उभा राहिला. माणसांना अजून काहीच ऐकू येत नव्हते. घुंगरांचा आवाज पुष्कळ वेळाने आला. भुऱ्या उठायला गेला आणि कोलमडला, पुन्हा उठला. गाडी धड थांबायच्या आत द्वारका खाली उतरली. डोक्यावरचा पदर सावरायचेही तिला भान राहिले नाही.

"काय रे करून घेतलंस हे? अरे, काय केलंस?" तिने त्याला कवेत घेतले. तो कण्हत होता, तिचे हात चाटत होता, शेपटीने धूळ उडवत होता. तिने भाकरी दुधात कुस्करून त्याच्या तोंडाशी धरली. भुऱ्याने ती खाल्ली, मग दुसरा घास खाल्ला. "पारणं झालं! पारणं झालं!" गाव ओरडले. व्यापाऱ्याने खांबाला टेकून मोठा श्वास सोडला.

द्वारका मात्र तिथेच जमिनीवर बसली होती आणि उरलेली भाकरी स्वतःच खात होती. कोरडीच, भराभर.

तिच्याबरोबर तिची सासूही त्या पुण्यवान कुत्र्याचे दर्शन घ्यायला आली होती. ती डोळे विस्फारून म्हणाली, "अगं बाई, ही जेवतेय की! आमच्याकडं घास-दोन घासांवर उठते. मी तर साऱ्या गावाला सांगत सुटले, सून मोठ्या वळणाची मिळाली म्हणून."

आचार्य सावकाश बोलले.

"विहीणबाई, तुम्ही त्याला वळण म्हणालात, या गावानं एकादशी म्हटलं. दुःखाला चांगलं नाव दिलं की त्याची विचारपूस करायची कोणाला आठवण राहत नाही. या जिवाला तिथी कळत नाही. रोज भाकरी कुस्करून देणारा हात या रस्त्यानं गेला, एवढंच त्याला कळतं. तुम्हाला या रस्त्यावर देऊळ दिसलं. त्याला गाडी दिसत होती."

व्यापाऱ्याने उपरण्यात तोंड लपवले. पाठवणीला डोळ्यांतून टिपूस न काढल्याबद्दल गावाने त्याचेही कौतुक केले होते. आता तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. द्वारका उठून त्याच्यापाशी गेली. "आबा," एवढेच म्हणाली आणि तीही रडू लागली.

जरा वेळाने व्यापाऱ्याने डोळे पुसले. "द्वारके, याला घेऊन जा," तो म्हणाला आणि लगेच विहिणीकडे पाहून चाचरला. द्वारकेनेही सासूकडे पाहिले. मागण्याचे धैर्य तिला झाले नाही.

"आमच्याकडं सोवळं असतं बाई," सासू म्हणाली. "केस पडणार, चपला कुरतडणार, वेळी-अवेळी भुंकणार. परगावी जायचं तर याला कोणाच्या गळ्यात बांधायचं?"

"सगळं खरं आहे," आचार्य म्हणाले. "शिवाय दुखलं-खुपलं तर तोंडानं सांगणार नाही. आणि बहुधा तुम्हा सर्वांच्या आधी जाईल, आणि घर रडवून जाईल. ज्याला हे सोसायचं नाही, त्यानं पाळूच नये. हौसेपोटी आणून दोरीला बांधून ठेवणं हे तर पापच."

"मग फायदा काय?"

"घरात कोणी उपाशी आहे, हे तुमच्या आधी त्याला कळतं."

सासूने सुनेकडे पाहिले. द्वारकेच्या ओठाला भाकरीचा कण चिकटला होता. सासू पुढे झाली आणि आपल्या पदराने तिने तो पुसला. "पडवीत राहील," ती म्हणाली. "चुलीपाशी आला तर मी आहे आणि तो आहे."

गावाने हार उतरवले, आचार्यांनी दोरी कापली. गाडीत चढायला भुऱ्याने कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही.

व्यापारी मात्र कावराबावरा झाला. "लेक गेली, आता हाही चालला. आमच्यात तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?"

"लेकीकडे जाऊ नये म्हणतात," आचार्य गंभीरपणे म्हणाले. "कुत्र्याला भेटायला जाऊ नये, असं कोणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

आधी विहीणबाई हसल्या. मग व्यापाऱ्यालाही रडता रडता हसू फुटले.

परतताना शिष्य बराच वेळ चुळबुळत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, ते पारण्याचं शास्त्र..."

"नाहीच मुळी. पण मी तिथं शहाणपण सांगत बसलो असतो, तर गाव माझ्याशी वाद घालत राहिलं असतं आणि कुत्रा मेला असता. गाडी तेवढी जुंपायची होती." थोडे अंतर चालून ते पुन्हा म्हणाले, "घरात कोणी पानावरून उठलं, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याच्या शेजारी जाऊन बसावं. त्याला चार पाय असोत की दोन."

पुढे एकदा बाजाराच्या दिवशी शिष्याला देवळापाशी व्यापारी भेटला. अंगात धुतलेला अंगरखा, डोक्याला नवे पागोटे, आणि काखेत फडक्यात बांधलेला मोठा डबा. "कुठं निघालात, शेटजी?" शिष्याने विचारले.

"भुऱ्याला बघून येतो म्हटलं," व्यापारी म्हणाला आणि खिंडीच्या रस्त्याला लागला.

डब्यातून करंज्यांचा वास येत होता. भुऱ्या करंज्या खातो का, हे शिष्याने विचारले नाही.