घंगाळावरचं 'दोन'

माझ्या लग्नात शालनआत्याने दिलेलं तांब्याचं घंगाळ अजून माझ्याकडे आहे. ते घासायला काढलं की मला भोरचा उल्हासशेठ भांडीवाला आठवतो.

आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. तेव्हा क्रेडिट कार्ड म्हणजे गावात अप्रूप. घंगाळ पसंत करून तिने कार्ड ऐटीत पुढे केलं.

"कार्डावर दोन टक्के जादा," शेठ म्हणाला.

"ते दुकानदाराने सोसायचे, असा नियम आहे."

"नियम बँकेत, बाई. इथे मी सांगेन तो नियम."

आत्याने वर पाहिलं. भिंतीवर शेठच्या वडिलांच्या वेळची पाटी होती: 'गिऱ्हाईक सांगेल ते भांड्यावर फुकट कोरून मिळेल.'

"बरं, घे दोन टक्के. पण आधी नाव घाल."

शेठने कोरायचं यंत्र सुरू केलं. आत्या सावकाश सांगू लागली, "मृणाल हिस शालनआत्याकडून सप्रेम भेट. दोन टक्के जादा घेणार, उल्हास भांडी भांडार, भोर."

'दोन' कोरून यंत्र थांबलं. "बाई, हे लग्नात मांडणार?"

"रुखवतात, अगदी पुढे. सहाशे माणसं वाचतील. थांबलास का? पाटी तुझीच आहे ना?"

शेठने यंत्र बंद करून मूळ किमतीची पावती फाडली.

आता आत्या नाही, ते दुकानही नाही. घंगाळावर मात्र 'सप्रेम भेट'च्या पुढे 'दोन' तसंच आहे.

मुलगी विचारते, "दोन काय गं?"

मी सांगते, "आत्याने दिले नाहीत, ते टक्के."