चौदा की अठरा

ज्या काळी मिस्त्रींना सायकलींचं बोलणं समजायचं, तेव्हाची गोष्ट. स्वतःच्याच घंटीला दचकणारी एक जुनी सायकल होती. तिचं फ्रीव्हील काढून मागे पक्कं दातेचक्र बसवायचं ठरलं. म्हणजे चाक फिरेल तोवर पायडल फिरणारच, विसावा नाही.

"चौदा दात्यांचं बसवू की अठरा?" बशीर मिस्त्रींनी तिला विचारलं.

"मी वेगाचं," चौदा म्हणालं. "अठरा म्हणजे म्हाताऱ्यांचं."

"चढाला मी बरं," अठरा पुटपुटलं.

सायकलीने दुकानातल्या पान्यापासून पंपापर्यंत सगळ्यांचा सल्ला घेतला आणि शेवटी अठराला लोक हसतील म्हणून चौदा निवडलं. एवढा विचार करून इतकं चुकायला अंगी गुण लागतो.

टेकडीच्या चढावर पायडल हलेना. मालकीण सुनेत्रा उतरली, ढकलत परत आली आणि म्हणाली, "मिस्त्री, ही भंगारात द्या."

"काका, अठरा बसवा," सायकल कुजबुजली. "वेगाचं माझं नुसतं सोंग होतं."

"ताई, उद्याचा एक दिवस द्या," मिस्त्री म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर एक चकचकीत सायकल शेजारून पुढे गेली. "काय आजी, फारच हळू?"

"हो गं बाई," ती धापा टाकत म्हणाली, "पण आज ताई बसलेल्या आहेत."