पालथी पानं

नदीपलीकडच्या एका वाडीत ठकू नावाची एक बाई होती. ती खरं सांगत होती आणि तिच्यावर एकाचाही विश्वास बसत नव्हता. पाणवठ्यावर सांगून झालं, पारावर सांगून झालं, भरल्या बाजारात ओरडून झालं. लोक ऐकायचे आणि म्हणायचे, "बहीणच ती. भावाची बाजू घेणारच." जशी काही बहीण झाली की बाईची अक्कल गहाण पडते!

झालं होतं ते असं.

वाडीतली माणसं सोंगं काढायची. लाकडाचे हे एवढाले मुखवटे, सोबत संबळ आणि सनई. पिकं घरात आली की वडाखाली मगरीचं सोंग नाचायचं, नदीमायचं नाचायचं. ठकूचा थोरला भाऊ कोंडिबा ललकारी द्यायचा, "सोंग काढू का?" सगळी वाडी म्हणायची, "काढ!" पण एखादी म्हातारी, एखादं पोर, काल लग्न होऊन आलेली सून जरी "थांब" म्हणाली, तरी सोंग थांबायचं. तिचं काय म्हणणं आहे ते ऐकायचं, मगच पाय उचलायचा. वाडीची रीतच ती. सोंग सगळ्यांचं, तर विचारायचंही सगळ्यांना.

नदीच्या अलीकडे राजाची नगरी. राजाचं नाव गुणवर्धन. कलेचा मोठा चाहता म्हणून त्याची ख्याती. दर दसऱ्याला त्याच्या कलामहालात उत्सव भरायचा. तिथे ज्यांची कला पसंत पडली त्यांना वर्षभर गावोगावची बोलावणी. ज्यांची पडली नाही त्यांना कुणी विचारत नसे.

कुणाला घ्यायचं ते पंच ठरवायचे. पंच पडद्याआड बसत. मधे एक परात. प्रत्येकाने तिच्यात विड्याचं एक पान ठेवायचं. कला आवडली तर पान उताणं, नाही आवडली तर पालथं. पालथी जास्त झाली की त्या मंडळींनी सामान उचलावं आणि घर गाठावं. पंच सगळे दरबारातले, एका ताटात जेवणारे. वाडीची सोंगं दर वर्षी घरी परत यायची.

वाडी कुरकुरू लागली. राजाच्या कानावर गेलं. राजा म्हणाला, "अन्याय? माझ्या राज्यात? छे! वाडीचाही एक पंच घ्या." आणि त्याने कोंडिबाला बोलावलं. त्याच्या खांद्यावर शाल घातली, पंचांच्या रांगेत खुर्ची दिली. वर आणखी एक मान दिला. "तुझा आवाज खणखणीत आहे. निकाल आजपासून कलामहालाच्या पायरीवर उभं राहून तू सांगायचास."

वाडीने कोंडिबाला खांद्यावर नाचवलं. घरोघरी पुरणाचा वास सुटला. एकटी ठकू कपाळाला आठ्या घालून बसली.

"दादा, एवढ्या पंचांत तू एकटा काय करणार? आणि निकाल तूच का सांगायचा? त्यांना तोंडं नाहीत?"

"अगं ठके, मान दिलाय."

"मान नव्हे, झेंगट दिलंय," ठकू म्हणाली. शेजारची सोनाआत्या फणकारली, "हिला कुणाचं चांगलं बघवायचंच नाही."

पंचाला शपथ असायची. आतलं बाहेर सांगायचं नाही. कोंडिबाने पाण्याच्या तांब्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि ती जीव जाईपर्यंत पाळायची असं ठरवलं. भोळा माणूस! ज्यांनी शपथ घातली त्यांना त्याच्या सरळपणाचाच उपयोग होता.

दसरा आला. सोंगं नाचली. कोंडिबा पायरीवर आला, खाली मान घालून म्हणाला, "वाडीची सोंगं नापसंत." पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. आधी लोक दरबाराला शिव्या देत होते. आता समोर दरबार दिसतच नव्हता. दिसत होता कोंडिबा. नकार त्याच्या तोंडून यायचा, त्याच्याच खणखणीत आवाजात.

मग वाडी फिरली. "खुर्ची मिळाली आणि बाटला." "शाल अंगावर आली, आई विसरला." सोनाआत्या त्याच्या दारावरून जाताना थुंकायची. ललकारीचा त्याचा मान काढून घेतला. वडाखाली सोंगं निघाली तेव्हा त्याला कुणी बोलावलं नाही. कोंडिबाने दरबारात शाल परत नेऊन दिली आणि घरात भिंतीकडे तोंड करून बसला. जेवण पुढ्यात ठेवलं तर नुसता चिवडायचा.

"दादा, तू पान कसं ठेवलंस?" ठकूने विचारलं.

"विचारू नको, ठके. शपथ आहे."

"उताणंच ठेवलं असशील."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ठकूला तेवढं पुरे झालं. ती तशीच उठली आणि घरोघर सांगत सुटली, की माझ्या भावाचं पान उताणं होतं, तो एकटा पडला, तुम्ही चुकीच्या माणसावर थुंकताय.

"तू पडद्याआड होतीस का गं?" सोनाआत्याने विचारलं.

"नव्हते."

"मग गप बस."

ठकू गप बसणाऱ्यांतली नव्हती. वाडीची खुर्ची रिकामी होती आणि कोंडिबाचे हाल बघून तिच्यावर बसायला एकही बाप्या तयार नव्हता. ठकू पदर खोचून नदी ओलांडून गेली आणि राजासमोर उभी राहिली. "मी बसते."

राजा खूश झाला. वाडीतली, त्यात बाई! "बघा," तो दरबाराला म्हणाला, "आमच्याइतकं उदार मन आहे का कुणाचं?" दवंडी पिटवली, शाल दिली. मग शपथेचा तांब्या पुढे आला.

ठकू म्हणाली, "महाराज, ही शपथ मी घेणार नाही. आमच्याकडे जे ठरतं ते वडाखाली ठरतं. आत एक आणि बाहेर एक मला जमायचं नाही."

शास्त्रीबुवा पंचांत सगळ्यांत वयस्कर. ते हसले. "महाराज, जाऊ द्या. बाईमाणूस. तिला आतलं कळलं तर बाहेर सांगेल ना!"

दरबार खो खो हसला. राजाही हसला आणि तांब्या माघारी गेला.

दसरा आला. ठकू पडद्याआड जाऊन बसली. बाहेर वाडीची माणसं मुखवटे बांधत होती. संबळावर अजून काठीसुद्धा पडली नव्हती. ठकूने परातीत बघितलं आणि तिचं अंग पेटलं. पानं ठेवून झाली होती. सगळी पालथी.

"बुवा, सोंग अजून आलंच नाही. पान कसं पालथं झालं?"

शास्त्रीबुवांनी जांभई दिली. "दर वर्षी तेच असतं गं. त्यात काय बघायचं?"

"मग आम्ही कशाला नाचायचं?"

"सराव होतो की तुमचा!"

पुन्हा सगळे हसले. बाहेर मगरीचं सोंग आलं. म्हातारे गडी घामाने निथळत नाचत होते, मुखवट्याच्या भोकांतून पडद्याकडे आशेने बघत होते. पडद्याआड पंच सुपारी कातरत होते. एकाने तर पाठ फिरवून पाय चेपून घेतले. ठकूने आपलं पान उताणं ठेवलं. त्या ढिगात ते एकटं पान बघितलं आणि तिला तिचा भाऊ दिसला.

नाच संपला. राजा आत आला. प्रेमळ आवाजात म्हणाला, "ठकूबाई, आता पायरीवर जा आणि निकाल सांग. गोड शब्दांत सांग हो. आपल्या माणसाच्या तोंडून ऐकलं की लोकांना कमी लागतं."

"कळलं," ठकू म्हणाली. "आत्ता सगळं कळलं."

तिने परात उचलली, डोक्यावर घेतली आणि पायरीवर आली. सगळी नगरी समोर होती, सगळी वाडी समोर होती. तिने परात खाली ठेवली.

"बघा रे! हे एक उताणं पान माझं. दर वर्षी याच जागी कोंडिबाचं उताणं पान असायचं. त्याच्या अंगावर थुंकलात ना? आता ही पालथी बघा. तुम्ही पाय उचलायच्या आधी ठेवलेली आहेत ही! ज्यांची आहेत त्यांनी बाहेर यावं, आपापलं पान उचलावं आणि का पालथं ते आपल्या तोंडाने सांगावं."

पडदा हलेना. आतून सुपारी कातरल्याचाही आवाज येईना.

"शास्त्रीबुवा, या की! सराव होईल तुमचा!"

आता नगरीतली माणसंसुद्धा हसली. शास्त्रीबुवा लाल होऊन बाहेर आले. "मला काय विचारतेस? आम्ही महाराजांच्या मर्जीने ठेवतो. महाराजांनीच सांगितलंय, एक खुर्ची द्या, बाकी सगळं होतं तसंच ठेवा."

जीभ बोलून गेली. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उपयोग काय?

राजा पुढे आला. त्याचा प्रेमळ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "कृतघ्न बाई! तुम्हाला खुर्ची दिली, शाल दिली. आणखी काय हवंय तुम्हाला?"

"खुर्ची आम्ही बोलावं म्हणून दिली नव्हती, महाराज. तुमचा नकार आमच्या तोंडात कोंबायला दिली होती. आम्ही आपसांत भांडावं आणि तुम्ही उदार म्हणून मिरवावं. माझ्या भावाला तुम्ही जिवंतपणी मारलंत, आणि मारायला हात आमचेच वापरलेत."

राजाने तिची शाल काढून घेतली. वाडीला कलामहालाचं दार बंद झालं. त्या वर्षी सोंगं नाकारलीच गेली, हे लपवायचं कारण नाही. मान मिळाला नाही, बोलावणी आली नाहीत.

पण वाडीची माणसं मुखवटे काखेत मारून थेट कोंडिबाच्या दारात आली. सोनाआत्या रडायला लागली. ठकूने तिलाही सोडलं नाही. "आता कशाला रडतेस? मी घसा फोडत होते तेव्हा कान कुठे ठेवले होतेस?" सोनाआत्या म्हणाली, "चुकले गं बाई," आणि कोंडिबाचे पाय धरायला वाकली. त्याने तिला वाकू दिलं नाही. भिंतीकडचं तोंड फिरवून तो इतकंच म्हणाला, "पाणी घ्या सगळ्यांनी."

पुढच्या दसऱ्याला राजाने खुर्चीसाठी माणूस शोधला. कोष्ट्यांत शोधला, कुंभारांत शोधला, धनगरांत शोधला. सगळ्यांनी एकच विचारलं, "पंच किती आमचे? आणि नापसंत का ते कोण सांगणार?" खुर्ची रिकामी राहिली. शास्त्रीबुवांना पायरीवर जायला सांगितलं, तर त्यांच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी नकार सांगायला राजाला स्वतः पायरीवर यावं लागलं. धनगरांचा गजीचा नाच नापसंत, असं तो म्हणाला आणि गर्दीतून एक म्हातारा धनगर उठून उभा राहिला.

"का, महाराज?"

राजाने तोंड उघडलं. सगळी नगरी ऐकत होती. तो पाठ फिरवून पडद्याआड शिरला.

तात्पर्य: खुर्ची दिली म्हणजे हक्क दिला असं होत नाही, कला सगळ्यांची असेल तर निवडही सगळ्यांची हवी, आणि नाही म्हणणाऱ्याने कारण स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. आपल्यातलाच एकटा माणूस पुढे करून कुणी नकार धाडला, तर त्या माणसावर थुंकण्याआधी त्याला पुढे कुणी केलं ते बघावं. वाडीचा गुन्हेगार कोंडिबा नव्हता. वाडीचा गुन्हेगार होता राजा गुणवर्धन.