फुलबाजी आणि फाटकावरची पाटी

“पळवू की नाव मागे घेऊ, एवढंच सांगा.”

रिसालदार बर्गे खाली वाकून घोड्याच्या खुरातली माती काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“रिसालदार, ट्रेनर फोनवर थांबलाय.”

“थांबू दे. थांबून कुणी हरत नाही.”

रणधीर शितोळेने फोनवर हात ठेवला. मग “करतो परत” एवढंच बोलून तो बंद केला.

पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर शितोळ्यांचा स्टड फार्म आहे. शर्यतीच्या घोड्यांची पैदास तिथे होते. रणधीरच्या वडिलांच्या अखेरच्या वर्षांत त्या फार्मचं एकही शिंगरू शर्यत जिंकलं नव्हतं. मैदानावर लोक तोंडावर म्हणायचे, शितोळ्यांकडे गवत चांगलं मिळतं.

वडील गेले आणि रणधीरने पैदाशीसाठी तोफखाना आणला. घोडा तरणा होता, रक्त उत्तम होतं, पण तापट म्हणून कुणी घेत नव्हतं. लोक पुन्हा हसले.

यंदा तोफखान्याची पहिली पिलावळ दोन वर्षांची झाली आणि मैदानावर उतरली. सुरुंग जिंकला. पलिता जिंकली. बारगीर जिंकला. मागच्याच शनिवारी दारूगोळा चार घोड्यांचं अंतर राखून जिंकला. जे धावले ते सगळे जिंकले. पैदाशीच्या नव्या घोड्याच्या पहिल्याच हंगामात असं क्वचित घडतं. बंगळुरूहून, हैदराबादहून फोन येऊ लागले. ज्यांनी गवताची चेष्टा केली होती, तेच आता आपल्या घोड्या पाठवायच्या म्हणून आर्जव करत होते.

रणधीरने फाटकावर पाटी लावली. पांढऱ्यावर लाल अक्षरं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

‘तोफखाना. जो धावला, तो जिंकला.’

आणि उद्या पाचवी धावायची होती. तिचं नाव फुलबाजी.

नाव रणधीरनेच ठेवलं होतं, तेही जरा कुचेष्टेने. भावंडांना तोफा-बंदुकांची नावं मिळाली. ही अंगाने एवढीशी, म्हणून फुलबाजी. कागदावर शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एक जानेवारीला असतो. पण ही मे महिन्याच्या उन्हात जन्मली, तेव्हा तिच्या बरोबरीची शिंगरं कुरणभर उधळत होती.

“ती हरणार,” रणधीर म्हणाला. “ट्रेनरही तेच म्हणतो. चार महिन्यांनी लहान आहे. उद्याच्या शर्यतीत सगळे तिच्यापेक्षा हातभर उंच.”

“हं.”

“हरली तर पाटी खोटी. इतक्या वर्षांनी आमचं नाव वर आलंय, रिसालदार. एका शर्यतीसाठी…”

रिसालदारांनी खूर खाली ठेवला. हा घोडा तोफखानाच होता. त्याने मान वळवून म्हाताऱ्याच्या फेट्याचा वास घेतला आणि फुरफुरला.

घोडदळातून निवृत्त होऊन रिसालदार इथे आले, तेव्हा रणधीरला रिकिबीत पाय टाकता येत नव्हता. त्याला घोड्यावर बसवलं त्यांनी, पाडलंही त्यांनीच. आता ते फार्मच्या टोकाला एका खोलीत राहत. मैदानावर जाणं त्यांनी सोडलं होतं.

“तुला वंशावळी पाठ आहेत,” ते म्हणाले.

रणधीर ताठ झाला. ही त्याची अभिमानाची गोष्ट होती. “सात पिढ्यांपर्यंत. कुठल्याही घोड्याची विचारा.”

“फुलबाजीची म्हण.”

“बाप तोफखाना.”

“कधी हरला होता?”

रणधीर अडखळला. “…पहिलीच शर्यत. शेवटून दुसरा आला.”

“मी होतो तिथे. शेवटच्या घोड्यावर जॉकीच नव्हता. वाटेत पडला होता. पुढे?”

“त्याचा बाप कॉपर मिन्स्ट्रेल. आयर्लंडहून आणलेला.”

“हरला?”

“तिकडे तीनदा. पण नंतर…”

“नंतरचं नको. पुढे.”

“तोफखान्याची आई गुलबदन.”

“हरली?”

“पुष्कळदा.” रणधीरचा आवाज उतरत चालला. “आता फुलबाजीची आई, कस्तुरी. ती दोन हंगाम हरत होती. कस्तुरीचा बाप डर्बीत मानेच्या फरकाने हरला…”

तो नावं घेत राहिला. रिसालदार प्रत्येक नावापाशी तेच विचारत राहिले. एकही नाव सुटलं नाही. तोफखाना कंटाळून कुंपणापलीकडच्या घोड्यांकडे बघू लागला.

मग रणधीर एकदम थांबला. त्याचा चेहरा उजळला.

“सापडली! कस्तुरीची पणजी, शाही नजराणा. ती कधीच हरली नाही. आयुष्यात एकदाही नाही!”

“वा. किती शर्यती धावली?”

रणधीर बुटाने माती उकरू लागला.

“बोल की.”

“एकही नाही,” रणधीर हळू म्हणाला. “एका संस्थानिकाने प्रचंड किमतीला घेतली होती. हरली तर शोभा होईल म्हणून पागेतच ठेवली.”

“काय करायची पागेत?”

“उभी असायची. पाहुणे बघायला यायचे.”

“आणि तिची मुलगी?”

“सुरुवातीला हरतच होती. मग त्या सालची ओक्सची मानाची शर्यत तिनेच नेली.”

रिसालदारांनी बादली ओढली. हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले आणि फाटकाकडे चालू लागले. रणधीर मागे गेला.

फाटकाशी येऊन रिसालदारांनी पाटीच्या तारा सोडल्या. पाटी खाली घेतली. दोन विटा मांडल्या, त्यांच्यावर ती पालथी घातली आणि तिच्यावर बसले.

“अहो, काय करताय!”

“बसतोय.” त्यांनी जरा सरकून पाहिलं. “बरी आहे. रुंद आहे. चहा पाठव.”

रणधीरने पाटीकडे पाहिलं. अक्षरं जमिनीकडे तोंड करून होती. वर नुसतं करकरीत लाकूड, आणि त्यावर म्हातारा.

त्याने फोन काढला.

“हां, मी रणधीर. फुलबाजीचं नाव राहू दे. …माहितीय मला. हरली तर हरली. पळू दे पोरीला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर उन्हं पिवळी झाली होती. दिवाळी तोंडावर होती. शर्यतीआधी घोडे पॅडॉकच्या रिंगणात फिरू लागले, तेव्हा दारूगोळा जिंकल्यावर रणधीरच्या गळ्यात पडलेला एक घोडेमालक रेलिंगवरून ओरडला, “शितोळे, फुलबाजी अंगणात लावायची असते! इथे कशाला आणली?”

भोवतीचे हसले. रणधीरही हसला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. एरवी असं बोलणं त्याला झोपू देत नसे.

गेट उघडलं.

फुलबाजी सुटताना चुकली. एक पाऊल उशिरा निघाली आणि सगळ्यांच्या मागे पडली. तिच्यापुढे नुसत्या उंच पाठी. वळणापर्यंत ती दिसतच नव्हती. दिसत होती ती जॉकीची टोपी, तीही अधूनमधून.

रणधीरने दुर्बीण खाली ठेवली.

वळण सुटलं. पुढचे दोन घोडे थकले आणि एकमेकांपासून किंचित दूर झाले. मधे फट पडली. उंच घोड्याला त्या फटीचा उपयोग नव्हता. तिथे कुणी शिरलंच नसतं.

फुलबाजी शिरली.

खांदे आखडून, कान मागे पाडून, धूळ खात ती एवढीशी घोडी त्या फटीतून बाहेर आली, आणि समोर मोकळं गवत होतं. तिने कधी मोकळं गवत पाहिलंच नसावं अशी ती धावली. शेवटच्या फर्लाँगला सारा स्टँड उठून उभा राहिला. रेलिंगवर चढून, टाय सुटलेला, शर्ट बाहेर आलेला एक माणूस घसा फोडून ओरडत होता.

“धाव गं! धाव! धाव!”

तो रणधीर होता.

शेवटच्या खांबापाशी फुलबाजी अर्ध्या मानेने पुढे होती. तिचा लगाम धरून तिला आत नेताना रणधीरला समोरचं काही दिसत नव्हतं. रेलिंगवरून हसणारा तोच मालक आता टोपी उडवत होता. घोडीच रणधीरला ओढत होती. तोही खुशाल ओढला जात होता.

तो फार्मवर परतला, तेव्हा दिवस मावळत होता. बातमी आधीच पोचली होती. फाटकापासून पागेपर्यंत दोन्ही बाजूंना घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आणि त्यांच्या बायका उभ्या होत्या. प्रत्येकाच्या हातात पेटलेली फुलबाजी. कुणीतरी हलगी आणली होती. तोफखाना त्या आवाजाने कुंपणाकडेने भरधाव दौडत होता, शेपूट झेंड्यासारखी उभारून.

रिसालदार पाटीवर बसले होते.

“रिसालदार!”

“कशी धावली?”

“जिंकली!”

“ते ही हलगी सांगतेय. धावली कशी?”

रणधीरने दोन्ही तळहात समोरासमोर धरले, मधे बारीकशी फट ठेवली. आणि आपलेच खांदे आखडून, मान पुढे काढून, त्या भरल्या फाटकात तो त्या फटीतून निसटून दाखवू लागला. मोतद्दारांनी आरोळी ठोकली. हलगी आणखी जोरात वाजू लागली.

रिसालदार हसले. त्यांना हसताना पाहिलेलं फार्मवर कुणाला आठवत नव्हतं.

“आता उठा,” रणधीर धापा टाकत म्हणाला. “पाचच्या पाच, रिसालदार! नवी पाटी रंगवून घेतो. पाचही पोरांची नावं, मोठ्या अक्षरांत.”

रिसालदार गुडघ्यावर हात टेकून उठले. पाटी उलटली. लाल अक्षरांना लागलेली माती त्यांनी फेट्याच्या शेवाने हलकेच पुसली आणि ती रणधीरच्या हातात दिली.

“रंगव की,” ते म्हणाले. “खाली जागा सोड.”